पलीकडचं सभाघर

चष्मेवाल्याने नाकावर ठेवलेली चाचणीची चौकट चांगलीच जड होती. तिच्या खाचांत तो एकेक भिंग सरकवत होता आणि दर वेळी विचारत होता, "आता बरं, की मघाशी बरं होतं?" या प्रश्नाने मी नेहमी गोंधळतो. मघाचं आठवत नसतं आणि आताचं अजून नीट कळलेलं नसतं. शेवटी दोन्ही डोळ्यांपुढे दोन-दोन भिंगं चढवून तो म्हणाला, "असेच उठा, दारापर्यंत जा आणि लांबचं बघा. तक्त्यावरची अक्षरं काय, लोक पाठ करून येतात." मी चौकट एका हाताने सावरत दारात जाऊन उभा राहिलो. बाहेर चारचं ऊन होतं. रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पायरी, पायरीला चिकटलेला कागदाचा कपटा, शेजारच्या सभाघराच्या दाराची पितळी कडी, सगळं इतकं ठळक झालं की जग कुणीतरी नुकतंच ओल्या फडक्याने पुसून ठेवलंय असं वाटलं. आणि त्या पुसलेल्या जगात, रस्त्याच्या अलीकडच्या काठावर, माझी आत्या उभी होती. हातात करडी छत्री, खांद्याला निळी पिशवी, पिशवीत बसायची उशी. यात नवल काहीच नव्हतं. रोज चारला ती सभाघरात गाऊन केलेलं प्रवचन ऐकायला जाते आणि सहाला परत येते. सिग्नलवरचा हिरवा माणूस लागला. तिच्या दोन्ही बाजूंची माणसं रस्त्यात उतरली. आत्या उतरली नाही. हिरवा माणूस लुकलुकला, लाल झाला. मला वाटलं, तंद्रीत असेल. दुसऱ्यांदा हिरवा लागला तेव्हा तिने एक पाय खाली टाकला आणि पाणी गार आहे का बघून मागे घ्यावा तसा परत घेतला. तिसरा हिरवा गेला. चौथा गेला. मग ती वळली, कडेच्या बाकावर उशी ठेवली, छत्री मांडीवर आडवी घेतली आणि बसली. अगदी सवयीने बसली. सभाघराचं दार लागलं तेसुद्धा तिने तिथूनच पाहिलं.

"काय दिसतंय?" चष्मेवाल्याने आतून विचारलं.

"स्पष्ट दिसतंय," मी म्हणालो.

पुढे त्याने काय सांगितलं, मी कसलं बिल घेतलं, काही ध्यानात नाही. मी मागच्या गल्लीने घरी आलो, चोरासारखा. आत्याला आपण पाहिलं हे तिला कळू नये एवढंच डोक्यात होतं. का कळू नये, ते त्या वेळी मलाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी सहाला ती आली, चपला जागेवर लावल्या, हात धुतले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलायला बसली. बायकोने रोजच्यासारखं विचारलं, "काय म्हणत होते आज बुवा?" आणि आत्याने रोजच्यासारखं सांगायला घेतलं. आत्याचं सांगणं म्हणजे नुसतं सांगणं नसतं. ती मटाराच्या डब्याचं झाकण उलटं करते, त्यावर दोन बोटांनी ठेका धरते, आणि गोष्ट जिथे उंच जाते तिथे बोलणं आपसूक गाण्यात शिरतं. एक्क्याऐंशी वर्षांचा तो आवाज कडेने विरलेला आहे, पण मधे अजून घट्ट आहे. आज बुवांनी एका द्वारपालाची गोष्ट लावली होती म्हणे. नगराचं दार सूर्य बुडताना लावायचं, असा राजाचा हुकूम. सूर्य बुडाला, आणि द्वारपाल आपला दार धरून उभा. प्रधान ओरडतो, शिपाई ओरडतात, हा लावत नाही. शेवटी राजा स्वतः खाली आला. का रे लावत नाहीस? महाराज, लांब वाटेवर धूळ दिसतेय. सैन्य आहे? नाही. व्यापारी आहेत? नाही. मग किती माणसं आहेत? द्वारपाल म्हणाला, एक. इथे आत्याने ती ओळ धरली, 'धूळ दिसतेय, दार राहू दे', आणि एकदा, दोनदा, पाच वेळा घोळवली. बायको ओट्यापाशी उभी राहून गुणगुणायला लागली तेव्हाच आत्या थांबली. "पुढे?" बायको म्हणाली. "राजा काय म्हणाला?" "पुढचं उद्या," आत्या म्हणाली, "बुवांनी इथेच सोडलं आज." आणि शेंगा पुढे ओढून घेतल्या. मी समोर बसून तिच्या बोटांकडे बघत होतो. दोन तास ती बाकावर बसली होती. हा द्वारपाल आला कुठून?

इथे मला माझं काम सांगितलं पाहिजे, कारण त्यावाचून हे कळणार नाही. मी रस्ते खात्यात सिग्नल विभागात आहे. शहरातल्या कुठल्या चौकात कुणी किती सेकंद थांबायचं आणि कुणी किती सेकंद चालायचं, हे गेली सव्वीस वर्षं मी ठरवत आलोय. निवृत्तीला सात महिने उरलेत. घराजवळच्या या चौकात पायी जाणाऱ्यांना पूर्वी चोवीस सेकंद मिळत. नऊ वर्षांपूर्वी मी ते सतरा केले. मनाला आलं म्हणून केले नाहीत; खात्याची गाडी कडेला लावून, तीन दिवस सकाळ-दुपार आत बसून, माझ्या हातात घड्याळ आणि शेजारी लिहून घेणारा, असं एकेका माणसाचं या काठापासून त्या काठापर्यंतचं चालणं मी मोजलं होतं. लोक झपाझप जात होते. दहा सेकंद, अकरा, फार तर तेरा. शेवटी अहवालात एक रकाना असतो, वृद्ध पादचारी. तिथे मी लिहिलं होतं, 'नगण्य'. सात सेकंद वाचले, गाड्यांची रांग शाळेच्या फाटकापर्यंत जायची ती पेट्रोल पंपापाशी थांबायला लागली, वरून शाबासकीचं पत्र आलं. ते पत्र मी घरी आणून मोठ्याने वाचून दाखवलं होतं, आत्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं होतं आणि म्हणाली होती, "सोन्या, सात सेकंद म्हणजे काही कमी नाहीत हो." मी त्या वेळी एकोणपन्नास वर्षांचा होतो आणि सोन्या म्हटल्यावर लाजलो होतो. तेव्हा ती बहात्तरची होती, टणक होती, मीठ संपलं म्हणून दोनदा बाजारात जायची. मग कधीतरी ती हळू झाली असणार. कधी? एकाच घरात राहून माणूस कुठल्या महिन्यात हळू झालं हे आपल्याला सांगता येऊ नये, याचं मला त्या संध्याकाळी भारी कुतूहल वाटलं. भीतीपेक्षा कुतूहलच. आपल्याच घरातल्या भिंतीत एक दार आहे आणि ते आपण कधी पाहिलंच नाही, असं काहीसं.

दुसऱ्या दिवशी मी सभाघरात गेलो. भर दुपारी, कुणी नसताना. तिथला देखरेख करणारा माणूस सतरंज्या झटकत होता. मी म्हटलं, बुवा असतात का? तो म्हणाला, "कुठले? जुने? ते मुलीकडे गेले, त्याला झाले आठ-नऊ महिने. आता नवीन आहेत. साडेतीनला येतील, थांबा." मी थांबलो नाही. आठ-नऊ महिने. म्हणजे गेलं जवळजवळ पाऊण वर्ष आमच्या टेबलाशी रोज संध्याकाळी जे बुवा बोलत होते, ते गावातच नव्हते. परतताना मी तोच रस्ता ओलांडला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो ओलांडताना पाहिला. पंधरा मीटर. पट्ट्यांचा रंग मधे मधे उडालेला. मी मुद्दाम आत्याच्या चालीने निघालो, पाऊल टाकायचं, दुसरं त्याच्या शेजारी आणायचं, श्वास, मग पुढचं. तीनातले दोन हिस्से रस्ता सरला आणि माझाच सतरावा सेकंद संपला. डावीकडे एका गाडीने नुसता गुरगुरल्यासारखा आवाज केला. हॉर्न नाही, काही नाही. तेवढ्याने माझे कान तापले. लहानपणी आई गेल्यावर आत्या आमच्याकडे राहायला आली, इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत चादरी शिवायची नोकरी करायची, आणि जाता जाता मला शाळेत सोडायची. तिच्या टांगा लांब, तिला उशीर झालेला, आणि तरी मला कधी फरपटल्याचं आठवत नाही. माझा हात तिच्या हातात असायचा आणि रस्त्याच्या काठावर येताच तिचं पाऊल बारीक व्हायचं, बरोबर माझ्याएवढं. मला वाटायचं मोठी माणसं रस्त्यात अशीच चालतात. तिला हजेरीपटावर उशिराची लाल खूण मिळायची, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि तेही तिच्या मैत्रिणीकडून.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग हात धरून नेऊन सोडा ना. त्यात काय एवढं?" मलाही ते इतकं सोपं वाटलं की विचार का करत बसलो याची शरम वाटली. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि चारला कपडे करून दारात उभा राहिलो. "आत्या, मी त्या बाजूलाच चाललोय. सोडू का?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी काय पार्सल आहे?" ती म्हणाली. "सोडायला न्यायचं, आणायला यायचं, सही करून घ्यायची. आणि आज तू ऑफिसात का नाहीस? काढून टाकलं की काय?" मी काहीतरी पुटपुटलो. "प्रवचनाला माणूस आपल्या पायाने जातं," ती म्हणाली आणि छत्री घेऊन निघाली. गॅलरीतून तिच्या पाठीकडे बघताना मला एक गोष्ट स्वच्छ कळली. मी तिला पलीकडे नेलं असतं तर ती पोचली असती, पण गेली नसती. आणखी एक गोष्ट त्याच्या मागोमाग कळली आणि ती जास्त बोचली. सतरा सेकंद कुणी केले हे तिला माहीत होतं. पत्र तिच्या हातात होतं. तक्रार करायची तर ती माझीच झाली असती. म्हणून रोज रात्री जेवायच्या आधी, त्या रस्त्याऐवजी, ती आम्हाला प्रवचन देत होती.

मग मी चष्मेवाल्याला गाठलं. "तुमच्या खिडकीत मला चार दिवस दुपारी बसू द्या." "नंबर पटला नाही का?" "नंबर पटलाय. म्हणूनच." त्याने स्टूल दिलं. मी वही घेऊन बसलो आणि नऊ वर्षांपूर्वी जे केलं त्याच्या बरोबर उलट करायला लागलो. ओलांडणाऱ्यांकडे बघायचंच नाही. काठापर्यंत येऊन जे परत फिरतात त्यांच्याकडे बघायचं. सुरुवातीला कुणी दिसेना. डोळ्याला ती सवयच नव्हती. परत फिरणारा माणूस फार हुशारीने फिरतो. काही विसरल्यासारखं कपाळाला हात लावतो, घड्याळ बघतो, दुकानाच्या काचेत डोकावतो. एकदा ती खूण कळली आणि मग ते दिसायलाच लागले. पाव घेऊन येणारे एक गृहस्थ, रोज काठावर येत, पलीकडच्या बागेकडे बघत, एक पाव कुस्करून चिमण्यांना इथेच टाकत आणि परत जात. चिमण्यासुद्धा बागेतून इकडे यायला शिकल्या होत्या. एक जोडपं, त्यात ती म्हणायची चला, तो म्हणायचा पुढच्याला, असं तीन वेळा, मग दोघं हसत घरी. चाकाची चौकट धरून चालणारी एक बाई तर टॅक्सी थांबवायची. टॅक्सी वळसा घालून तिला समोरच्या काठावर, औषधाच्या दुकानाच्या नाकासमोर सोडायची. रस्ता ओलांडायला टॅक्सी. चष्मेवाला मान हलवत म्हणाला, "अहो, ही तर माझं गिऱ्हाईक आहे. मला वाटायचं श्रीमंत आहे." चार दिवसांत एक्केचाळीस माणसं. ही माणसं नऊ वर्षांपूर्वीही अशीच कुठेतरी, काठापासून मागे, असणार. चोवीस सेकंदांतसुद्धा ज्यांना धीर होत नव्हता ती आमच्या गाडीसमोर आलीच नव्हती. जी पोचत होती तेवढ्यांनाच मी मोजलं, ती भरभर चालतात असं ठरवलं, म्हणून वेळ कमी केला, म्हणून आणखी थोडी मागे राहिली. आणि पुन्हा मोजलं असतं तर चाल आणखी जलद भरली असती. हिशेबात कुठेही चूक नव्हती. तो मी तीन वेळा तपासला होता. खिडकीतल्या त्या स्टुलावर मला अंगभर गार वाटलं आणि त्याच वेळी, खोटं का सांगू, गणित उलगडल्यासारखा विलक्षण आनंदही झाला. सव्वीस वर्षांत कामाने मला इतकं चकित कधी केलं नव्हतं.

साहेबांनी अहवाल वाचला. साहेब माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेत, माणूस वाईट नाही. "म्हणजे तुमचं म्हणणं, जे रस्ता ओलांडतच नाहीत त्यांच्यासाठी वेळ वाढवायचा?"

"हो."

"पण पादचारी म्हणजे जो चालतो तो. हे लोक तर बसलेले आहेत. नियमात यांना काय म्हणायचं?"

"तेच मी शोधतोय," मी म्हणालो. "अजून शब्द सापडला नाही."

ते हसले. "रांग परत शाळेपर्यंत जाईल. लोक मला फोन करतील, तुम्हाला नाही."

"बाकावर बसलेले नऊ वर्षांत एकदाही फोन करत नाहीत, साहेब. आपण त्याला समाधान समजलो."

"किती सेकंद?"

"तीस."

"सतराचे तीस," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि एक्केचाळीसमधलं एक माणूस तुमच्या घरचं आहे, असं ऐकलं." चष्मेवाला त्यांचेही डोळे तपासतो हे मी विसरलो होतो. मी म्हटलं, आहे. त्यांनी पेन उघडलं. "पंधरा दिवस चाचणी. तेवढ्यात फरक दिसला नाही, तर सोळाव्या दिवशी सतरा. मी गय करणार नाही."

सोमवारी सकाळी मिस्त्रीने चौकातली करडी पेटी उघडली आणि मी स्वतः आकडा बदलला. चारला खिडकीत हजर. हिरवा लागला. आत्या उभी. दहा सेकंद, पंधरा, सतरा, आणि हिरवा तसाच. मला वाटलं आता तिला कळेल. पण ती दिव्याकडे बघतच नव्हती. चार हिरवे जाऊ द्यायचे आणि बसायचं, हा तिचा क्रम झाला होता. ती माणसांच्या पायांकडे बघत होती, आणि माणसं पूर्वीसारखीच झपाझप जात होती. मंगळवारीही तेच. बुधवारी पाववाले गृहस्थ उतरले, मधल्या पट्ट्यावर थांबून मागे बघितलं, आणि गेले. आत्या बसलेलीच. मला धावत जाऊन सांगावंसं वाटत होतं की अगं, तीस आहेत आता, तुझ्यासाठी आहेत. पण सांगितलं की ते पुन्हा हात धरून नेणंच झालं असतं. एकदा माणसाला काठावर बसायची सवय लावली की दार उघडं ठेवल्याने भागत नाही, ते किती वेळ उघडं ठेवावं लागतं कुणास ठाऊक. त्या दिवसांत मी पंधरातले किती दिवस उरले ते सारखं मोजत होतो आणि घरी ती द्वारपालाच्या गोष्टीवर येतच नव्हती. बायकोने आठवण केली तर म्हणायची, "बुवांनी मधेच दुसरं लावलंय." नवव्या दिवशी साहेबांना शाळेकडून पहिला फोन आला. दहाव्या दिवशी दुसरा. त्या दिवसापासून मी खिडकीत जाणं सोडलं. दर चारला तिच्या पायांवर नजर लावून बसणं हेसुद्धा एक ओझंच, ते तिला लांबूनही लागत असेल असं मनाने घेतलं. ऑफिसात चार वाजले की डोळे मिटायचे आणि देवाचं नाव घेऊन सावकाश तीसपर्यंत मोजायचं, एवढंच करत होतो.

बाराव्या दिवशी मी घरी आलो तर सहा वाजून गेलेले आणि आत्या आलेली नाही. सव्वासहा. बायको गॅलरीत. साडेसहाला चपला वाजल्या. आत्या आत आली, छत्री टांगली, हात धुतले, आणि खुर्चीवर जरा आदळूनच बसली. चेहरा घामेजलेला, कपाळावर आठी.

"काय म्हणत होते आज बुवा?" बायकोने विचारलं.

"आज बुवा नव्हते," आत्या म्हणाली.

मी हातातला पेला खाली ठेवला.

"कोणी नवीनच आहे. पोरगेलासा. आवाज चांगला आहे, नाही असं नाही, पण घाई काय, घाई काय. ओळ धरली की सोडली, धरली की सोडली. मागची रांग अजून तोंड उघडतेय तोवर हा पुढच्या कडव्यात. आमच्या बुवांचं कसं होतं, शेवटच्या कोपऱ्यातल्या म्हातारीच्या ओठावर ओळ आली की मग ते पुढे सरकायचे. तेवढा वेळ आपले झांजेवर नुसते उभे. लोकांना वाटायचं विसरले. विसरायला काय झालंय." तिने मटार ओढले, झाकण मात्र उलटं केलं नाही. "प्रवचन संपल्यावर थांबले मी. म्हटलं, बाळ, जरा दम धरत जा. म्हणाला, आजी, वेळ ठरलेला असतो. म्हटलं, वेळ ठरवणाऱ्याला सांग मग."

बायको माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, उद्या या, समोर बसा, बोट वर करा, मी थांबतो." तिला ते आवडलेलं दिसत होतं आणि तसं दिसू नये अशी तिची खटपट चालली होती. "आता रोज जाऊन बोट वर करायचं आलं माझ्यामागे." तिने दोन-चार शेंगा फोडल्या. मग मान वर न करता ती म्हणाली, "आणि सोन्या, तो कोपऱ्यावरचा तुमचा दिवा बिघडलाय का रे? संपतच नाही. मी मधे उभी राहून चपलेचा पट्टा नीट केला, तरी हिरवाच."

"असेल बिघडला," मी म्हणालो. "बघतो उद्या."

"नको," ती म्हणाली. "राहू दे."

बायको ओट्याकडे वळली. "आत्या, त्या राजाचं राहिलंच की. द्वारपाल म्हणाला, एक. मग राजा काय म्हणाला?"

आत्याने एक शेंग उघडली, आतले दाणे अंगठ्याने ताटलीत सारले, आणि माझ्याकडे बघितलं, शाळेच्या फाटकाशी हात सोडताना बघायची तसं.

"काय म्हणणार?" ती म्हणाली. "दाराची दुसरी फळी धरून उभा राहिला."